दहापैकी किती?

आमच्या ह्यांनी सुकापुरात पंचवीस वर्षं जमिनीची दलाली केली, पण खरा आकडा पयल्या झटक्यात कुणाला सांगितला नाय. दोन वर्षांमागं साइट दाखवताना हे स्लॅबवरून पडले, मणका मोडला, कमरेखालचं अंग गेलं. व्हीलचेअर आली, पण खोड काय गेली नाय.

आता ज्या पायांना टाचणी टोचलेली कळत नाय, त्यांची म्हणे आग होते. मी मेली म्हणायची, नाटकं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भामाताई, दुखापत नसेत आहे. ती मेंदूला चुकीचे निरोप धाडते. पण आग खरी असते." मग ह्यांना विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

"तुमी बोला," हे म्हणाले.

"मी कशी बोलणार?"

"बरं, साडेनऊ." मग माझ्या कानात, "दोन तरी कापंल ती."

बाईंनी काय कापलं नाय, गोळी तेवढी वाढवली. आमच्या लेकीला, समीक्षाला, बघायला पावणे आले, तर मुलाच्या बापाशी बोलता बोलता हे गोळीच्या गुंगीनं पेंगले आणि घोरायला लागले. पावण्यांना वाटलं, स्थळ पसंत नाय. जुळवता जुळवता माझा जीव मेटाकुटीला आला.

पुढच्या खेपेला हे एकदम तीनवर उतरले. गोळी कमी झाली. घरी दातांत टॉवेल धरून बसायचे आणि विचारलं तर "काय नाय." असा राग यायचा ना मला.

साखरपुडा महिन्यावर आला. पोरीच्या शेजारी बापानं जागं बसायला पायजे, आणि न कण्हता. दवाखान्याच्या दारातच मी बजावलं, "आज घासाघीस केलीत तर साखरपुड्याला तुमाला घरी ठेवून जाईन."

आत ह्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. मग खाली बघून म्हणाले, "आठ. पडलो तवापासून आठच. मोठ्या गोळीनं पाचवर यायचं, पण झोप आवरायची नाय."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, "गोळी हळूहळू वाढवू, मोठा डोस रात्रीचा ठेवू. पण काशिरामशेठ, शून्य होईल असं मी सांगणार नाही. पाचवर आणून दिलं तर चालेल?"

मी वाट बघत बसले. आता म्हणतील, तीन करा.

"चालेल," हे लगेच म्हणाले.

पंचवीस वर्षांत समोरच्याचा पयला आकडा ह्यांनी कधी घेतला नव्हता. मला तिथंच रडू फुटलं.