सातव्या तळ्याच्या पलीकडे

नऊ होल आणि सात तळी, एवढंच आमचं बुलढाण्याच्या क्लबामागचं गोल्फचं मैदान. कुणा गोऱ्या साहेबानं कडुनिंब, चिंच, आंब्याच्या झाडीतून ते आखलं आणि नाल्याला जागोजाग बांध घालून वाटेत पाणी अडवलं. बॉल पाण्यात गेला की एक फटका दंड आणि अलीकडून पुन्हा मारायचं. त्या तळ्यांनी भल्याभल्यांना रडवलं. मला ती पाठ होती. एकोणसाठपासून सलग पाच वर्षं कप माझा. क्लबातल्या फळीवर पाच वेळा रंगवलेलं होतं, ‘भगवंतराव, वकील’. घरी मात्र माझ्या बायकोनं, शालूबाईनं, त्यातल्या एका कपात खडेमीठ भरून ठेवलं होतं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात गुलाबराव बदलून आला. पाटबंधारे खात्यात डेप्युटी इंजिनीअर. त्याची आई तानाबाई याच मैदानावर वीस वर्षं गवत कापत होती, आणि हा तिच्या मागं फिरत साहेबांचे हात बघत होता. आता तो स्वतःची स्टिक घेऊन आला. त्याचा हात वर जायचा, खाली यायचा, आणि बॉल तळ्यावरून असा जायचा की पाणी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. मी मात्र दर तळ्यापाशी घसा खाकरायचो, दोनदा पाय रोवायचो, मनात देवाचं नाव घ्यायचो.

माझा जळफळाट व्हायचा. सिव्हिल सर्जन त्याला शेजारी बसवून घ्यायचे. पुंजाजी माळी मला उभ्याउभ्या रामराम घालायचा, त्याच्यासाठी मात्र हातातलं खुरपं ठेवून पुढं यायचा. हा हेवा नुसत्या खेळाचा होता असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं होतं. गवत कापणारीचा मुलगा माझ्यापुढं जातो, हेही मला डाचत होतं. आज एवढं तरी कबूल करतो.

दिवाळीआधी कपाचा सामना झाला. तळी काठोकाठ होती. आठ होल होऊन आम्ही दोघं बरोबरीत. शेवटच्या होलला सातवं तळं, सगळ्यांत रुंद. पुंजाजीसुद्धा लांब क्लबाच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींत जाऊन उभा होता. अलीकडच्या निंबाखाली फक्त तानाबाई बसली होती, लेकाचा खेळ बघायला पहिल्यांदाच आली होती.

माझा बॉल पार झाला, पण जेमतेम. मग गुलाबरावनं मारला. तो उंच गेला, उन्हात दिसेनासा झाला.

“पार झाला रे बापू!” तानाबाई ओरडली.

गुलाबराव हसला आणि तिला तांब्यातलं पाणी द्यायला थांबला. मी बांधावरून पुढं निघालो. पलीकडं लव्हाळ्याच्या मागं, कोरड्या गवतावर, होलपासून चार पावलांवर त्याचा बॉल बसला होता. एवढा चांगला फटका मी आयुष्यात मारला नव्हता. बॉलवर निळ्या शाईचा छोटा गोल होता. त्या दिवसांत परदेशी माल येणं बंद झालेलं, एकेक बॉल जिवापाड जपावा लागे, म्हणून प्रत्येकाची आपापली खूण असे. मी वाकलो. बॉल खिशात टाकला.

तो आला, लव्हाळ्यात शोधू लागला. म्हणाला, “मले त वाटलं पार झाला.”

“पाण्यात गेला.”

“तुमी पाह्यला?”

“हो. डोळ्यांनी.”

“तुमी पाह्यला म्हणता, त गेलाच असंल वकीलसाहेब.” त्यानं वादसुद्धा घातला नाही. दंड घेतला, पुन्हा मारला, एका फटक्यानं हरला. जाताना आईला म्हणाला, “माय, तुले उन्हात दिसलं नाही. वकीलसाहेबांनी जवळून पाह्यला ना.” म्हातारी तांब्या उचलून चालू लागली.

फळीवर माझं नाव सहाव्यांदा रंगलं.

आमच्या क्लबाची एक रीत होती. मे महिन्यात तळी आटली की गाळ काढायचा. त्यात सापडलेले बॉल धुऊन व्हरांड्यात चादरीवर मांडायचे, आणि ज्यानं त्यानं खूण बघून आपले उचलायचे. त्या सकाळी सगळे जमले. सिव्हिल सर्जन म्हणाले, “गुलाबराव, तुमचा तर वर्षभरात एकच आहे आत. शोधा, चहा तुमच्याकडून!”

तो एकच बॉल सात महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. तडक घरी गेलो, बॉल घेऊन आलो, आणि पुंजाजीची पाठ फिरताच त्याच्या घमेल्यात हळूच सोडला. वाटलं, सुटलो.

पुंजाजीनं घमेलं चादरीवर ओतलं. पन्नासेक बॉल गडगडले, गाळात राहून चिकूसारखे तपकिरी झालेले. मध्ये एकच पांढराशुभ्र, त्यावर निळा गोल.

पुंजाजीनं तो उचलून उलटापालटा केला. “हा पाण्यातला नाही साहेब. पाण्यातला असा राह्यतच नाही.”

आता कुणीतरी माझ्याकडं बघणार. गुलाबरावनं माझ्याकडं बघितलं, फक्त एकदा.

“अरे पुंजाजी, तो माह्याच खिशातून पडला आताच,” तो म्हणाला. “वाकलो होतो ना. पाण्यातला काही सापडला नाही, जाऊ दे.”

मंडळी हसली, आपापले बॉल वेचू लागली. त्यानं मला वाचवलं होतं, आणि तेवढ्यातही मला त्याचा हेवाच वाटला. मला हे जमलं नसतं.

मी फळीखाली जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं तो आला. फळीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“वकीलसाहेब, एकच सांगा. पार झाला होता ना?”

कोर्टात मी तासन् तास बोलतो. तिथं आधी दोनच शब्द निघाले. “झाला होता,” मी म्हणालो. “होलपासून चार पावलांवर होता.”

“चार पावलं!” त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. “मायले तवाच दिसलं होतं. मीच तिले खोटं पाडलं.”

“गुलाबराव, मी आत्ता सगळ्यांना...”

“ते तुमचं तुमी पाहा,” तो म्हणाला. “मले घरी जाऊ द्या.”

बॉल मुठीत धरून तो पायऱ्या उतरला आणि चक्क पळत सुटला, अंगावर साहेबी कपडे असताना. सहा वेळा जिंकलो मी. सांगायला म्हणून असा घरी एकदाही पळालो नव्हतो.

मग मी फळीवरचं सहावं नाव एकदा वाचलं, पुंजाजीला हाक मारली आणि रंगाचा डबा मागितला.