टेम्पोमागची मोटार

मी फोटो बोलतोय. आवाज जरा दबका येईल, कारण माझ्या तोंडावर दुसरा एक फोटो चिकटवलेला आहे. तो घोडेगावच्या अजिनाथचा. धंदा टेम्पो चालवण्याचा आणि टेम्पोत भरायच्या म्हशी. तुम्ही या घरात आलात तर भिंतीवर हार घातलेला तोच तुम्हाला दिसेल. मी त्याच्या मागे आहे, पुठ्ठा म्हणून. माझ्यासारख्यावर ही वेळ यावी!

आधी माझं कूळ ऐका. मी जन्माने पॅरिसचा. मोटारी नुकत्या कुठे निघाल्या होत्या तेव्हा तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. वर काचेचं छत, खाली गालिचे, झुंबरांचा उजेड. त्यातल्या सगळ्यात देखण्या मोटारीसमोर तिकाटणं लावून, काळ्या फडक्यात डोकं खुपसून एका फोटोग्राफरने मला काढलं. पुढे मला चांगला हातभर मोठा करून, सागवानी चौकटीत बसवून पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात टांगलं. मोटारीचं नाव सांगत नाही. तुमच्या जिभेला ते वळणार नाही.

पितळी दिवे, तारांची चाकं, गॉगल लावून बसलेला मिशीवाला, भोवती पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका आणि काठ्या टेकलेले बाप्ये. एकूण एक माणूस मोटारीकडे टक लावून बघतोय, असा मी. मला बघायलाही झुंबड उडायची. तिथले लोक फार शहाणे होते असं मात्र समजू नका. घ्यायची ऐपत नसलेलाच पुढे होऊन इंजिनाचं झाकण उघडायला सांगायचा. घोडेगावच्या बाजारात फुकटे लोक म्हशीचे दात बघत हिंडतात ना, तसेच ते.

लष्करातला एक साहेब मला घेऊन नगरच्या कँपात आला. पाहुणा आला की तो माझ्याकडे बोट करून सांगायचा, ‘ही माझी गावाकडची मोटार.’ खोटारडा! स्वतः टांग्यातून फिरायचा आणि टांगेवाल्याशी दोन पैशांसाठी हुज्जत घालायचा. तो परत गेला आणि त्याचं सामान लिलावात निघालं. तिथे अब्राहाम मास्तरांनी मला उचललं. ते मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मला वर्गात टांगून म्हणाले, “पोरांनो, चाक काढा.” पोरांनी भाकऱ्या काढल्या. मास्तरांनी त्या भाकऱ्यांना शाबासकी दिली आणि खडूच्या फडक्याने माझी काच पुसली. माणूस वाईट नव्हता. पण गाढवाला गुळाची चव काय!

मास्तर वारले. त्यांची सून मरिया म्हणाली, “या परक्या बायका कशाला पाहिजेत घरात?” झालं, मी माळ्यावर. किती वर्षं तिथे होतो कोण जाणे. एक दिवस घोडेगावचा रंगनाथ जुन्या चौकटी गोळा करत आला. त्याचा बाजारतळाजवळ फोटो स्टुडिओ होता. त्याने चौकट ठोकून बघितली, सागवान आहे म्हणून खूश झाला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात अजिनाथ नवा टेम्पो घेऊन बाजारात आला आणि त्यापुढे उभा राहून त्याने फोटो काढून घेतला. रंगनाथने तो धुऊन माझ्यासमोर तारेला वाळत घातला. अख्खा दिवस मला तो बघावा लागला. टेम्पोला झेंडूचा हार. मागच्या फळीवरून एक म्हैस तोंड काढून बघतेय. आणि पुढे हा अजिनाथ, सदरा इस्त्रीचा, टोपी तिरकी आणि डोळाही तिरका! एक डोळा समोर, दुसरा भलतीकडेच. मनात म्हटलं, वा रे तुझी मोटार आणि वा रे तू.

माझी हौस तिथेच फिटली. चौकट मोठी, फोटो लहान आणि रंगनाथकडचा पुठ्ठा संपलेला. त्याने मला अंगठ्याने दाबून पाहिलं. “जाड हाय. ह्याच्यावरच डकवतो,” असं म्हणून त्याने माझ्या तोंडावर खळ फासली. अजिनाथला माझ्या बरोबर मध्यभागी डकवलं आणि माझ्या उरलेल्या कडा सोनेरी कागदाच्या पट्टीने झाकल्या. झुंबरांच्या उजेडात टांगलेला मी, शेवटी एका म्हैसवाल्याच्या पाठीला डकलो!

तेव्हापासून मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. ओंकार, म्हणजे अजिनाथचा मुलगा, शाळेत जात होता तेव्हा अजिनाथ काविळीने गेला. टेम्पो विकला गेला. फोटोला हार आला. त्याची बायको राहीबाई, तिने म्हशी सांभाळून, दूध घालून पोराला वाढवलं. ती रोज सकाळी फोटोची काच पदराने पुसायची आणि त्याच्याशी बोलायची.

“आवं, काळी म्हस आटली बरं का.”

“तुमचं पोरगं न्हाई ऐकत माजं. तुमीच सांगा आता.”

टेम्पोवाला काय डोंबल सांगणार! आणि या बातम्या ऐकायच्या कोणी? मी. पॅरिसच्या प्रदर्शनातल्या फोटोने घोडेगावच्या म्हशी कधी आटतात, कधी वितात, हे सगळं पाठ करून ठेवलं. हसू नका.

पोरगं ऐकत नव्हतं हे मात्र खरं. ओंकारने वरातीसाठी गाडी केली. तिला तो ‘व्हिंटेज’ म्हणतो. माझ्या कानावर आलं ते असं: एका जुन्या जीपचा सांगाडा, त्यावर वेल्डिंगवाल्याकडून पत्रा ठोकून घेतलेला, चाकांवर परातीएवढ्या टोप्या आणि पुढे सोनेरी रंग मारलेले दिवे. भोंगा वाजवला की सिनेमाचं गाणं लागतं. नवरदेव त्यात बसतो, पुढे डीजे, मागे धूर. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. ती गाडी दारात उभी राहून घरघरली की भिंतीवर माझ्या अंगाला कंप सुटायचा.

काष्टीच्या एका लग्नात ती चढावर बंद पडली. वऱ्हाड्यांनी ढकलली आणि ढकलता ढकलता तिचा पत्रा निघून खालची जीप उघडी पडली. “आरं ह्ये तर जीपडं हाय!” म्हणून नवरीकडचे हसले. नवरदेव उतरून चालत मांडवात गेला. कोणीतरी त्याचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि ते गावोगाव फिरलं. पुढच्या दोन वराती मोडल्या. ओंकार घरात कोणाशी नीट बोलेना.

अशात त्याने भिंतीवर नवा टीव्ही लावायला घेतला. ड्रिल लावलं, भिंत हादरली आणि आमची चौकट धाडकन खाली आली. काच फुटली. सोनेरी पट्टी सुटून लोंबायला लागली. माझ्या कडेचा एक बोटभर तुकडा उजेडात आला. त्यात अर्धं चाक, एका बाईच्या टोपीचं पीस आणि कोपऱ्यात छापलेलं साल. तेवढ्याने मला दिसायला मात्र काही लागलं नाही.

ओंकार बघतच राहिला. त्याने लगेच समर्थला बोलावलं. समर्थ त्याचा दोस्त, रस्त्यावर त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. गावात कोणाचा वाढदिवस असो नाहीतर दहावा, लोकांची तोंडं गोरी करायचं काम याचं. तो माझ्या कडेवर वाकला आणि म्हणाला, “आयला ओंक्या, ही खरीखुरी व्हिंटेज हाय. शंभरच्या वरची!”

अखेर कोणीतरी डोळ्यांचा माणूस भेटला, असं मला वाटलं. पण त्याचं पुढचं ऐका.

“ह्यो फोटो सोडवू. मोठा फ्लेक्स मारू. ‘आमच्या पणजोबांची अस्सल मोटार’. आत कोन बसलंय ते दिसू दे, त्यालाच पणजोबा करू. कोन वळखतंय? मंग बघू कोन जीपडं म्हनतंय.”

“पर वरती दादांचा फोटो हाय,” ओंकार म्हणाला. “आईकडं त्यो एकच हाय.”

“त्याची कॉपी काढतो की! जुन्यापरीस भारी.”

आता सगळं स्पष्ट होतं. मला सोडवायचं तर अजिनाथ फाटणार, आणि अजिनाथ राहायचा तर मी कायमचा गाडलेला. मला विचाराल तर निर्णय कधीच झाला होता. एकीकडे पॅरिस, दुसरीकडे म्हैस. यात विचार करण्यासारखं आहे काय?

दोन दिवसांनी समर्थ कॉपी घेऊन आला. राहीबाई गोठ्यातून हात पुसत आली. फोटो हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिला.

“ह्यो कोन?”

“मावशी, असं काय करता? अजिनाथदादा न्हाई व्हय!”

“ह्यांनी कोट कदी घातला?”

“कोट आपन टाकलाय. रंग जरा उजळला. म्हस काढली, चांगलं दिसंना. आन डोळा सरळ केला.”

“डोळा सरळ केला?” राहीबाईचा आवाज चढला. “तुला कोनी सांगितलं हुतं रं, डोळा सरळ कराया? घीऊन जा ह्यो तुजा सायेब. माज्या भितीवर परका बाप्या नगं.”

समर्थ तोंड पाडून गेला. बाईचा मला संतापच आला. पोरांनी चांगला गोरागोमटा नवरा करून दिला तर हिला तो तिरळाच पाहिजे! मला वाटलं, बाईला अक्कल नाही म्हणून माझं नशीब फुटलं.

पण पोरं हट्टी. राहीबाई डेअरीत दूध घालायला गेली तशी दोघांनी गॅसवर पातेलं ठेवलं आणि आम्हाला वाफेवर धरलं. खळ मऊ पडली. समर्थने नखाने एक कोपरा उचलला. चर्रर्र! टेम्पोचं पुढचं चाक फाटून वर आलं आणि त्याखाली माझा पितळी दिवा उघडा पडला.

उजेड! केवढ्या वर्षांनी! मी आधी पाहिलं काय, तर भिंतीला चिकटवलेला काळा टीव्ही, समर्थची दाढी आणि उघड्या दारातून ओंकारची ती गाडी. शी! इतकी वर्षं आवाजच ऐकला होता, तेच बरं होतं. आणि तेवढ्यात दारात राहीबाई उभी. हातात रिकामी किटली.

तिने पुढे येऊन फाटलेलं चाक पाहिलं. मी तयारीत होतो. म्हटलं, आता ही मला बघेल आणि हरखून जाईल. तिने माझ्या दिव्याकडे आणि शेजारच्या पिसांच्या टोपीकडे नजर टाकली.

“ही कोन सटवी ह्यांच्या पाठीमागं?” एवढंच म्हणाली. मग खाली बसली आणि रडायला लागली.

ओंकार घाबरला. “आई, अगं कॉपी हाय ना. आन धंद्यासाठीच करतोय ना मी. लोक हसत्यात मला.”

“हसू दे! ह्या फोटोला बी हसले हुते लोक.” तिने पदराने डोळे पुसले. “फोटोवाला म्हनला, इकडं बगा. मी बाजूला उभी हुते, तू माज्या कडंवर. ह्यांनी एक डोळा क्यामेऱ्याकडं ठिवला आन दुसरा आपल्याकडं. रंगनाथ म्हनला, बिघडला, परत काढू. मी म्हनलं, नगं. ह्योच पायजे. नवा टेम्पो मागं उभा, समदा बाजार टेम्पोकडं बगतोय, आन त्यो मानूस आपल्याकडं बगतोय. आन तुमी त्यो डोळा सरळ केला व्हय रं?”

ओंकारने फोटो हातात घेतला. पहिल्यांदाच नीट बघत असावा. मग उठला, डब्यातून मूठभर मैदा काढला आणि गॅसवर खळ शिजवायला ठेवली. समर्थ हळूच चपला घालून सटकला. खळ गुठळ्यागुठळ्यांची झाली होती. एक काम धड येत नाही पोराला. पण बोटाने त्याने ती जपून लावली, टेम्पोचं चाक जागेवर बसवलं आणि तळहाताने दाबून धरलं. माझा दिवा गेला.

आता आम्ही पुन्हा भिंतीवर आहोत, टीव्हीच्या शेजारी. काच नवी आहे, चाकावर फाटल्याची पांढरी रेघ आहे. ओंकारने गाडीवरचं ‘व्हिंटेज’ पुसून ‘अजिनाथ’ लिहिलं म्हणे. म्हणून ती काही मोटार झाली नाही. अजूनही घरघरते आणि चढाला अजूनही ढकलावी लागते. अजिनाथचा टेम्पोही माझ्या मते भिकारच. त्यात बदल नाही.

पण इथे अंधारात मला एक गोष्ट सारखी छळते. माझ्यात पंचवीसतीस माणसं आहेत. नटलेली, शिकलेली, पैशांत लोळणारी. त्यात नवरे आहेत, बायका आहेत. मी सगळ्यांच्या नजरा आठवून पाहिल्या. सगळ्या मोटारीवर. एकानेही शेजारणीकडे पाहिलेलं नाही, तिरक्या डोळ्यानेसुद्धा नाही. आणि हेच मी इतकी वर्षं मिरवत आलो!

सकाळ झाली की राहीबाई येईल. काच पुसेल, काळीला रेडा झाला की पारडी ते सांगेल. माझ्या वरचा हा टेम्पोवाला तिच्याकडे बघत राहील. तेव्हा जुन्या चौकटी शोधत फिरणाऱ्यांनो, या घरावरून पुढे जा. मला सोडवू नका. तो बघतोय, त्याला बघू द्या.