मोटेच्या कातड्याचा बूट

शिरूरला घोड नदीच्या काठी एक होता रशीद नालबंद, एक होती त्याची रोशनबी, आणि त्यांच्या पोटी एकुलता एक पाशा. त्या पाशाच्या डाव्या पायात होतो मी. मी बूट बोलतोय, फुटबॉलचा बूट. उजवा माझा भाऊ, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो.

बूट व्हायच्या आधी मी मोट होतो. सर्जेराव पाटलांच्या विहिरीत उतरायचं, पोटभर पाणी घेऊन वर यायचं आणि थारोळ्यात ओतायचं, हाच माझा जन्म. मग पाटलांनी इंजिन बसवलं आणि मी गोठ्यात कोपऱ्याला पडलो. बैलांना नाल मारायला रशीद तिथं जायचा. त्यानं मला मागून घेतलं. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही, नाहीतर उंदरांनी माझा फडशाच पाडला असता.

पाशाचे मामा दौंडला रेल्वेत होते. पाशा त्यांच्याकडं राहायला गेला की सारा दिवस लोकोशेडमागच्या मैदानावर. खेळायचा अनवाणी, पण चेंडू पायाला डिंकानं चिकटवल्यासारखा. रेल्वेच्या संघाचे कप्तान होते जयसिंगराव. त्यांनी एक दिवस त्याला हाक मारली.

"पाशा, पुढं खेळणारा गडी पायजे आमाला. भुसावळवाल्यांबरोबर मॅच हाय. सायेब सोता बघायला येणारेत. त्यांच्या मनात भरलास की रेल्वेत चिकटलास म्हणून समज. पण बूट पायजेत बाबा. अनवाणी गड्याला रेफरी आत घेत न्हाई."

ही नोकरी घरात सगळ्यांत जास्त कुणाला हवी होती, तर रोशनबीला. रशीदच्या बरगडीत बैलाची लाथ बसली होती. खोकला तरी कळ यायची, पण गडी ऐकेल तर शपथ. पोरगं कामाला लागल्याशिवाय हा माणूस बैलाच्या खुराखालून उठायचा नाही, हे ती जाणून होती.

मला शिवलं हरिबानं. त्याचा जन्म वहाणा शिवण्यात गेलेला. पाशानं मातीत चित्र काढून दाखवलं, तसा तो हसायला लागला.

"तळाला ह्या गोट्या कशापायी रं? चालताना डुलशील की!"

"चालायचं न्हाई हरिबामामा, पळायचंय."

"मग तर आपटशीलच."

तरी त्यानं जीव लावून शिवलं. तळाला चामड्याच्या गोट्या ठोकल्या. रोशनबीनं एरंडेल चोळचोळून मला मऊ केलं. मी उन्हात बसून चकाकत होतो. तेवढ्यात रशीदनं मला उचललं, उलटं केलं आणि तळावरून बोट फिरवलं. चामड्याच्या गोट्या! चार दिवसांत झिजतील. बिननालेचा बैल तो कधी वेशीबाहेर जाऊ देत नसे, आणि पोराला धाडायचा? कुणाला न सांगता त्यानं आम्हा दोघांच्या टाचेला न् चवड्याला बैलाच्या नालेचे तुकडे ठोकले. दुखलं मला. पण हाताला माया होती, मी सोसलं.

मॅचच्या दिवशी बापलेक दौंडला गेले. मैदानावर पाशानं मला पायात घातलं आणि कडेच्या फरशीवरून चालला. खण् खण् आवाज आला. त्यानं मला उलटं करून पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. रशीद मान डोलवत हसत होता, लगीनघरात आहेर दिल्यासारखा. पाशा तसाच जाऊन रांगेत उभा राहिला.

रेफरी एकेका खेळाडूचा पाय मागं उचलून तळावर हात फिरवत होते, अगदी रशीद बैलाचा खूर बघतो तसा. आमच्यापाशी आले आणि थांबले.

"हे लोखंड? कुणाचा पाय फोडायचाय काय? हो बाहेर!"

लोक खदखदा हसले. "आरं, शिरूरच्या बाजारातनं बैल आलाय!" कुणीतरी ओरडलं. "मागं सरा, लाथ मारील!"

संघ दहाच गड्यांनिशी उतरला. जयसिंगराव जाता जाता म्हणाले, "ही नाल काढ आन् ये. हाफटाइमपतुर वाट बघतो. फुडं माझ्या हातात काय न्हाई."

रशीदचं तोंड काळवंडलं होतं. "पाशा, माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं रं."

"अब्बा, रडताय काय! तुमीच मारलीय, तुमालाच काढाय येती. काढा की!"

हत्यारांची पिशवी सोडून रशीद कुठं जात नसे. तिथंच धुळीत मांडी घालून त्यानं मला मांडीवर घेतलं. पकडीनं नाल उपसली, तशा हरिबाच्या गोट्याही उखडून आल्या. माझा तळ सपाट पडला. सपाट तळावर पाशा घसरणार. रशीदनं इकडं तिकडं पाहिलं, आणि हत्यारांच्या पिशवीचा चामडी पट्टाच कापला. आयुष्यभर खांद्यावर बाळगलेला. त्याच्या पट्ट्या तळावर आडव्या ठोकल्या, खिळ्यांची टोकं आत दाबली आणि स्वतःच्या गालावर मला घासून पाहिलं. कुठं टोचत नव्हतं. मग माझ्या भावालाही तसंच केलं.

हाफटाइमला रेफरींनी दोनदा हात फिरवला. "जा," म्हणाले.

काय पळाला पाशा! भुसावळचा गोलकीपर धावत अंगावर आला. पाशा जागच्या जागी थबकला, आणि त्या जुन्या पट्ट्यानं माती अशी धरली की मी तसूभर घसरलो नाही. गोलकीपर पुढं निघून गेला. मी चेंडूला नुसतं ढकललं. आतापर्यंत बैल म्हणून ओरडणारेच टोप्या उडवायला लागले. रशीद मात्र तिथंच बसून होता, बिनपट्ट्याची पिशवी छातीशी धरून.

पाशा साहेबांच्या मनात भरला आणि रेल्वेत लागला. पुढं कितीतरी वर्षं तो संघाचा पुढचा गडी होता. खरगपूर, कलकत्ता कुठं कुठं गेला, दुकानातले झकपक बूट आले. पण सामन्याला निघताना तो एकदा मला पायात घालायचाच. आता त्याचा गुडघा बोलतो, म्हणून तो नव्या पोरांना शिकवतो.

रशीद आता बैलाच्या खुराखाली बसत नाही. संघाचे बूट दुरुस्त करतो. सामन्याच्या दिवशी रेफरी विचारतात, "रशीदमामांनी हात फिरवलाय ना? मग झालं."

पाशाला रेल्वेनं दौंडला क्वार्टर दिलं, आता सगळं घर तिथंच. मी तिथं खुंटीवर असतो. तुम्हाला एवढंच सांगणं, जुनं चामडं टाकू नका, त्याला तेलाचं बोट लावा. खुंटीवरून मला मोरी दिसते. पहाटे रोशनबी नळाची चावी फिरवते आणि पाणी आपणहून येतं. ना विहीर, ना बैल, ना मोट. ती घागर भरते आणि आतून हाक मारते, "अवो, पाणी आलं, उठा!" रशीद कूस बदलून म्हणतो, "येऊ दे की. आता ते रोजच येणार हाय."