बॉबिनचं माप

चार डिसेंबर, बुधवार. सकाळपासून ढग, पाऊस नाही. अकराच्या सुमाराला वारा सुटला आणि कोर्टाच्या खिडकीची एक सैल काच खडखडू लागली.

मी एक टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यातली, कापडी, पिवळी, साठ इंची. खरं सांगायचं तर एकोणसाठ. पहिला इंच कधीच तुटून गेला, त्यामुळे मी एकच्या आकड्यापासून सुरू होते. मालक जो आकडा वाचतो त्यातून मनातल्या मनात एक वजा करतो. वीस वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नाही.

मी माणसं फार जवळून पाहिलीत. कमरेला लागले रे लागले, की भलेभले श्वास रोखून पोट आत घेतात. मग पँट शिवून होते, पोट आपल्या जागी परत येतं आणि "घट्ट शिवलीत!" म्हणून भांडायला मालकासमोर उभं राहतं. मी कधी खोटं बोलले नाही. माणसंच माझ्याशी खोटं बोलतात.

मालकाचा हात सरळ, पण जीभ अस्सल शिंप्याची. कोट असो की साधा सदरा, तोंडात एकच मंत्र, "उद्या या." दुकानात काज-बटणं करायला एक बाई येत असे. दोघांचं जमलं. लग्न कधी करायचं, असं तिनं विचारलं. "एवढा हंगाम उरकू दे." मग दुसरा हंगाम आला. मुलगी झाली, गोल गुटगुटीत. मशीनच्या पोटातल्या दोऱ्याच्या रिळीवरून तिचं नाव पडलं बॉबिन. ती रांगायला लागल्यापासून मला जमिनीवरून ओढत फिरायची आणि "साप, साप" म्हणून स्वतःच घाबरायची.

आणखी तीन हंगाम उलटले. चार फेब्रुवारीला बाई म्हणाली, "मी काय तुझी गिऱ्हाईक आहे, रोज 'उद्या या' ऐकून घ्यायला?" आणि बॉबिनला कडेवर घेऊन भावाकडे निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं.   

आठवड्यानं तो मुलीला भेटायला गेला. दारात मामा, म्हणजे बाईचा थोरला भाऊ, हाताची घडी घालून उभा.

"कोण तू?"

"हिचा बाप."

"कुठं लिहिलंय?"

खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. जन्मनोंदीत बापाचा रकाना कोराच होता. तो भरायचाही उद्याच होता ना!

तेव्हापासून दर महिन्याच्या चार तारखेला मालक बॉबिनसाठी एक फ्रॉक शिवायचा. समोर पोर नाही, तेव्हा माप अंदाजानं. गेली तेव्हा छत्तीस इंच उंच होती, महिन्याला पाव इंच वाढ धरायची. आणि वाढत्या अंगाचं म्हणून खालच्या दुमडीत दोन इंच कापड जास्त. गिऱ्हाइकांचे कपडे महिना महिना लोळत पडत, पण फ्रॉकची तारीख कधी चुकली नाही. तो फ्रॉक पाठवायचा. चार दिवसांनी पुडकं न फोडता परत यायचं. शेवटी त्यानं भेटीसाठी कोर्टात अर्ज केला.

आमचा वकील आमचाच गिऱ्हाईक. त्याचा कोट आम्ही तीनदा उसवून सैल करून दिलाय. दारातच तो ओरडला, "अहो, ती गळ्यातली काढा! कोर्टात आलाय की माप घ्यायला?"

मालक मला काढायच्या आत पुकारा झाला.

मामाचा वकील बोलायला उभा राहिला. "या गृहस्थांनी लग्नाची तारीख पाळली नाही, गिऱ्हाइकांची पाळत नाहीत. भेटीची काय पाळणार? मुलगी तर यांना ओळखतसुद्धा नाही."

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "आई, माझा साप!"

मालकाकडे तिनं पाहिलंही नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मालकाला विचारलं, "तुम्हाला मुलीची काय माहिती आहे?"

मालकाला जे येतं तेच तो बोलला. "छाती बावीस, खांदा साडेनऊ, उंची साडेअडतीस."

"दहा महिने पाहिलं नाही ना?"

"नाही मॅडम. अंदाज आहे."

"अंदाजपंचे कारभार!" मामा पुटपुटला.

न्यायाधीशबाईंनी शिपायाला माप घ्यायला सांगितलं. त्यानं मला उलटं धरलं, मग सुलटं, मग बॉबिनच्या टाचेखाली दाबलं. तेव्हा तिची आई उठली.

"असं नाही. हिचा पहिला इंच गेलाय. द्या इकडे." तिनं मला ताणलं, आकडा वाचला, एक वजा केला. "साडेएकोणचाळीस."

"चुकलं!" मामाचा वकील आनंदानं म्हणाला. "बापाला मुलीची उंचीही माहीत नाही."

"चुकलंच," मालक म्हणाला. "इंचभर चुकलं. डोळ्यांसमोर असती तर चुकलं नसतं, मॅडम. अंदाजानं किती दिवस शिवू?"

त्यानं आज पहाटे शिवलेला धरून दहा फ्रॉकचं गाठोडं टेबलावर ठेवलं. आईनं एकेक उचलून पाहिला.

"हे कधी शिवलेस?"

"दर चार तारखेला. पाठवत होतो."

आईनं भावाकडे पाहिलं. भाऊ छताच्या पंख्याकडे पाहत होता.

"दादा?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"तू बस आता." तिनं शेवटच्या फ्रॉकची दुमड चिमटीत धरली. "दोन इंच आहेत आत. उसवलं की होईल." मग मालकाकडे न बघताच म्हणाली, "भेटायचं तर वेळेवर यायचं. 'उद्या' म्हणालास तर दार उघडणार नाही."

"दहाला बोलावलंस तर पावणेदहाला येईन."

बॉबिननं मला सोडलंच नाही, म्हणून मी तिच्याकडेच राहिले. आता तिची उंची मोजायला तिच्या घरी दाराच्या चौकटीला खिळ्यावर असते. मालकानं नवी टेप घेतली. तिचा पहिला इंच शाबूत, तरी सवयीनं एक वजा करून त्यानं चार जणांच्या पँटी आखूड कापल्या. तुमच्यापैकी कुणाची त्यात असेल तर सांभाळून घ्या. आणि पुढच्या वेळी माप देताना पोट आत घेऊ नका, एवढंच मागणं.

कोर्टाचा हुकूम त्याच चार तारखेला झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळी दहा ते एक, बापानं मुलीला भेटावं. पहिल्या चार भेटी आईच्या समोर, पाचवीपासून बापाच्या दुकानात नेण्याची मुभा. जन्मनोंदीत बापाचं नाव तीस दिवसांत लिहावं.

पहिली भेट आठ डिसेंबरला झाली. ऊन होतं. बाप पावणेदहाला आला. त्यानं स्वतः मोजलेली उंची साडेएकोणचाळीस.