डोळ्याच्या उलट बाजूला

मित्रांनो, मला हातात घ्याल तर बोटे काळी होतील, हे आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी त्रिकोणी कानस आहे. लांबीने वीतभर, जाडीला करंगळीएवढी. माझी लाकडी मूठ दोनदा बदलली, पण पोलाद तेच आहे.

मी एका कारखान्यात जन्मले. आधी माझ्या अंगावर छिन्नीने बारीक तिरके दाते पाडले, मग लालबुंद तापवून मला गार पाण्यात बुडवले. तेव्हा मी जी चरचरले, ती आयुष्यात पुन्हा कधी नाही. त्या बुडीने मी इतकी कडक झाले की लोखंडही माझ्यापुढे नमते घेऊ लागले.

मला विकत घेतले ते एका किल्लीवाल्याने. तेच माझे मालक. त्यांचे दुकान म्हणजे घराच्या पुढच्या भिंतीला टेकवलेली एक फळी, तिच्यावर किल्ली घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, आणि तारेला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. डोक्यावर छप्पर होते ते रतनगुंजेच्या झाडाचे. काय सावली होती मित्रांनो! शेजारचा शिंपीसुद्धा आपले मशीन ओढत ओढत त्याच सावलीत आणी. शेंगा तडकल्या की लालभडक, चकचकीत बिया टपटप खाली पडत. गिऱ्हाईक नसले की मालक त्या वेचून एका काचेच्या बाटलीत टाकत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते. चांगली वस्तू पायाखाली तुडवू नये, एवढेच.

मालकांचा हात फार हलका. ते नेहमी किल्लीच्या टोकापासून सुरुवात करीत. टोक नीट बसले की पुढचे सगळे आपोआप बसते, असा त्यांचा सिद्धान्त. दोन घास मारायचे, कुलपात घालून पाहायचे, पुन्हा दोन घास. लोक म्हणत, या माणसाच्या बोटांना डोळे आहेत. ते ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे. बोटे त्यांची, पण दाते माझे होते ना!

पुढे बाजारात किल्ल्या कापणारी यंत्रे आली. मालकांची नजर अधू झाली. तरी ते रोज फळीशी बसत, कारण झाड होते. मग एका वादळात झाड मुळासकट आडवे झाले. पालिकेच्या माणसांनी ते कापून नेले आणि दुपारचे ऊन थेट फळीवर पडू लागले. मालकांनी फळी आत घेतली, मला डब्यात टाकले आणि ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. जेवा म्हटले की जेवत, झोपा म्हटले की झोपत. बाकी तोंडाला कुलूप. उभ्या आयुष्यात लोकांची कुलपे उघडून दिली, आणि स्वतःचे असे लावून घेतले.

मालकीणबाईंना हे बघवेना. त्या बोलायला फटकळ, पण आतून लोण्यासारख्या. त्यांनी फडताळातून ती बाटली काढली. झाड परत उभे राहिले तर हा माणूसही उठून बसेल, अशी त्यांची भाबडी आशा. शिंपी म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, तयार रोप आणून लावा. त्यावर बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं मूल कडेवर घेता येतं हो, पण त्याला आपलं नाक कुठून येणार?"

बिया पेरल्या. रोज पाणी घातले. काहीच उगवले नाही. कुंडी उकरून पाहिली, तर बिया गेल्या तशाच लालभडक, जणू नुकत्याच बाटलीतून काढल्या आहेत. मित्रांनो, या बीचे कवच असे घट्ट असते की पाण्याचा थेंबही आत शिरत नाही. आतला जीव वर्षानुवर्षे झोपून राहतो. पाणी आत गेल्याशिवाय त्याला जाग येत नाही.

मग कुणीतरी सांगितले की गरम पाणी लागते. गरम पाणी बियांवर ओतून तसेच निवू द्यायचे असते. पण बाईंनी बिया पातेल्यात घालून चुलीवर चढवल्या आणि डाळीसारख्या रटारटा शिजवल्या. "मीठ टाकलंत का?" असे शिंप्याने खिडकीतून विचारले. अर्धी बाटली तशी वाया गेली.

तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मालकांच्या मांडीवर बाटली आणि मला आणून ठेवले आणि कवच घासून द्या म्हणून सांगितले. सांगितले तसे मालकांनी घासले. मला केवढा आनंद झाला होता! पण सवय जात नाही. किल्लीप्रमाणेच त्यांनी प्रत्येक बी निमुळत्या टोकाकडून घासली. या वेळी बिया फुगल्या, मऊ झाल्या, आणि कुजल्या.

बाईंनी एक कुजकी बी पिनेने उकलली. बीला निमुळत्या टोकाशी एक बारीक डाग असतो, शेंगेला चिकटलेली जागा. त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्याला लागूनच आत कोंबाचे इवलेसे मूळ असते. ते पार सपाट झाले होते.

"अहो, तुम्ही तर त्याचं मूळच घासून टाकलंत," बाई म्हणाल्या.

त्यांना टोचायचे नव्हते, पण ते टोचले. बाटली फेकून दे, आता माझ्या हातून काही व्हायचे नाही, असे म्हणून मालक पुन्हा भिंतीकडे वळले. मी पुन्हा डब्यात गेले. बाटलीत तळाला मूठभरच बिया उरल्या होत्या.

नंतरच्या एका सकाळी बाईंनी मला बाहेर काढले आणि मालकांच्या पाठीमागेच बसून त्या एक बी घासू लागल्या. मला ढकलायचे सोडून त्या मला ओढत होत्या, पुढे मागे, करवतीसारखी. असा कर्कश आवाज उठला की माझ्याच अंगावर काटा आला. भिंतीकडच्या पाठीला चुळबुळ सुटली.

"असं ओढतात का?" मालक न वळताच म्हणाले.

"मला काय ठाऊक? मी काय किल्लीवाली आहे?"

"कानस ढकलताना कापते. मागे आणताना उचलायची. दाते मरतील तिचे."

"मरू देत. नाहीतरी पडूनच असते ती. या घरात पडून राहणाऱ्यांना काय तोटा आहे?"

आणि त्यांनी मला पुन्हा खर्रकन ओढले. आयुष्यभर नवऱ्याचा हात पाहिलेली बाई. तिला खरेच ठाऊक नव्हते? मी त्यांच्या हातात होते, मला कळत होते. मला ओढतानाही त्यांचे सगळे लक्ष मालकांच्या पाठीकडे होते.

मालक उठले. "आण इकडे."

"आत अंधार आहे. बाहेर बसावं लागेल."

कितीतरी दिवसांनी खुर्ची बाहेर आली. मालकांना डोळा दिसेना, म्हणून बाईंनी बी त्यांच्या चिमटीत नीट धरून दिली.

"डोळा कुठे?"

"तुमच्या अंगठ्याखाली."

मग त्यांनी मला उलट बाजूला टेकवले. दोन घास, थांबणे, पुन्हा दोन घास. कवच संपत आले की माझा आवाज बदलतो, ते त्यांनी कानाने टिपले. बाईंना आतला पांढुरका ठिपका दिसेपर्यंत हात थांबलाही होता.

बिया रात्रभर पाण्यात राहिल्या. सकाळी ज्या फुगल्या नव्हत्या, त्यांना आणखी एकेक घास दिला. सगळ्या लगोलग पेरल्या, कारण कवच उघडलेली बी साठवून ठेवता येत नाही. त्यानंतर मालक पहाटे उठून कुंडीशी जात. वाकलेल्या मानेचा पहिला कोंब बाहेर आला, तेव्हा त्यांनी बाईंना हाक मारली आणि त्यांचे बोट धरून अलगद त्या कोंबाला लावले.

सर्वांत धट्टे रोप जुन्या जागी लावले. उन्हाळ्यात मालक त्याच्यावर छत्री धरून बसत, स्वतः उन्हात. माणूस झाडाला सावली देतो, असे उलटे राज्य आमच्याच गल्लीत, असे शिंपी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. फळी पुन्हा बाहेर लागली. किल्ल्या थोड्या, गप्पा फार. झाडाची सावली एका खुर्चीपुरती झाली, तेव्हा मालक तिच्यात बसले. ती थोडी रुंदावेपर्यंत ते होते. मग गेले.

आता झाडाला शेंगा लागतात. गल्लीतली मुले बिया वेचतात आणि दगडाने फोडू पाहतात. तेव्हा मालकीणबाई त्यांना जवळ बसवून माझी ओळख करून देतात. मध्यंतरी कुणीतरी मला बियांच्या वाटीत पाण्यातच विसरले. मला गंज चढला. बाई रागावल्या नाहीत. बी ओली ठेवायची आणि कानस कोरडी, दोघींना एका वाटीत नांदवू नका, एवढेच म्हणाल्या आणि किती तरी वेळ मला तेलाच्या फडक्याने पुसत बसल्या. पुसताना त्या मालकांशी बोलत होत्या. काय, ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी गप्प झाले असेल. त्याला उकळत्या पाण्यात घालू नका आणि नेमके दुखऱ्या जागी घासू नका. जरा फिरवून पाहा, कुठेतरी हात लावण्याजोगी जागा असते. तिथे थोडेसेच, आणि वेळेवर थांबा. आणि माझ्यासारखे जुने हत्यार घरात असेल, तर त्याला पुसून कोरड्या जागी ठेवा. माझे दाते आता बोथट झाले आहेत, पण बीच्या कवचापुरती धार अजून शिल्लक आहे.