फेकलेला गोळा आणायचा कुणी

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. वजन चार किलो, रंग काळा आणि स्वभाव, मित्रांनो, तापट. ज्याचा जन्मच भट्टीत झाला, त्याच्याकडून थंड डोक्याची अपेक्षा ठेवू नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत आबा साचे भरायचे. सन एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. त्यांची लेक प्रीती अकरावीत होती आणि गोळाफेक शिकत होती. पण कॉलेजात गोळा एक आणि पोरी बारा. आबांनी मालकाला विचारून कामाच्या साच्यांशेजारी माझाही एक साचा मांडला, ओतला आणि लेथवर घासून गुळगुळीत केला. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पिशवीतून मला बाहेर काढलं, तेव्हा प्रीतीनं विचारलं, "आबा, ह्यो माझा एकटीचाच?"

दोन वर्षं माझी चंगळ होती. प्रीती जिल्ह्यात दुसरी आली. तिची आई मीनाबाई मला पुसून खोबरेल लावून ठेवायच्या. पुढे आबा गेले आणि प्रीती शिरोलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मी वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला टेकण झालो. सणासुदीला माझ्यावर नारळ फुटू लागले. ज्यानं आठ मीटर आभाळ बघितलं, त्याच्या टाळक्यावर नारळ. राग यायला एवढं पुरे होतं, पण खरा राग पुढेच आहे.

दोन हजार चार साली पोलीस भरती निघाली. वयाच्या अटीमुळे प्रीतीची ही शेवटची संधी. पळण्यात तिला तोड नव्हती, पण गोळा आता सहा मीटरही जाईना. हातात चार महिने होते. जमलं तर खाकी वर्दी, नाहीतर जन्मभर खोक्यांना चिकटपट्टी. नोकरी सांभाळून सराव करायचा कधी, सकाळी की संध्याकाळी, एवढंच ठरायचं होतं.

ह्यावर सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर ज्यांना काही उचलायचं नव्हतं ते. शेजारचे केरबातात्या तरुणपणी तालमीत होते, आता कट्ट्यावर असत. ते म्हणाले, "पहाटंचीच कसरत अंगाला लागती. ऊन वर आल्यावर गाळल्याला घाम वाया."

प्रीतीचा थोरला भाऊ धम्मपाल मोबाईलच्या दुकानात कामाला होता. दुकान अकराला उघडायचं. तो म्हणाला, "तात्या, तुमचा जमाना गेला. संध्याकाळी अंग मोकळं असतंय. पेपरात आलंय तसं."

दोघांनी मटणाच्या ताटाची पैज लावली. नळाला पाणी पहाटे पाचला येतं आणि साडेसहाला जातं, हे त्या दोघांपैकी एकाच्याही गावी नव्हतं. प्यायला मात्र दोघांना लागायचं.

प्रीतीनं आधी पहाट धरली. चारला उठून मैदान गाठायचं. परत येईतो नळ गेलेला आणि कंपनीची बस डोक्यावर. मीनाबाईंचे गुडघे धरलेले.

"पोलीस हुशील तवा हुशील. आज हंडा कोण भरणार, हवालदार?"

"दादा झोपलाय न्हवं. त्याला उठीव की."

"त्याला राती उशीर हुतोय गं."

"मग मला काय लवकर हुतंय? जातो मी, बस चुकंल."

मग तिनं संध्याकाळ धरली. बसमधून उतरेपर्यंत साडेसहा. मैदानावर पोरांचं क्रिकेट. मला पिशवीतून काढलं की पोरं ओरडायची, "ताई, डोस्कं फुटंल कुणाचं तरी." घरी परातीत भाकरीचं पीठ वाट बघत बसलेलं. मी मोजत होतो. महिन्याभरात पहाटेचे नऊ दिवस, संध्याकाळचे चार. आणि मित्रांनो, एक गोष्ट गोळ्यालाच ठाऊक असते. मला फेकायला क्षण लागतो; चालत जाऊन आणायला मिनिट जातं. एकट्या पोरीचा निम्मा सराव मला आणण्यातच संपायचा.

एका सकाळी प्रीतीनं मला दारातून उचललं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. दार धाडकन आपटलं. धम्मपाल अंथरुणातून ओरडला, "अगं, दाराला काय लावू मी?"

"पाय लाव."

कारखान्याच्या फाटकावर गुंडू वॉचमननं पिशवी हातात तोलून बघितली. "प्रीते, आज डब्यात तोफगोळा काय गं?"

"तुला न्हाई वाढणार, सोड आत."

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. कारखान्यामागं भंगाराचा ढीग आणि त्याच्या अलीकडं मोकळी माती. तिथं प्रीती भर उन्हात मला फेकू लागली. तिच्याच टेबलावर काम करणारी सुगरा सावलीत डबा खात बघत होती. चाळिशी उलटलेली, एक टाच कायम दुखणारी. तिसऱ्या फेकीला ती उठली.

"तू जागा सोडू नगंस. फेक. आणायचं काम माझं."

"सुगराआपा, तुझी टाच दुखती."

"टाच माझी हाय न्हवं? तू हाताकडं बघ."

सकाळ बरी की संध्याकाळ, हे तिनं एकदाही विचारलं नाही. ऊन खाऊन मी तापायचो, तेव्हा पदरात धरून आणायची. भाकरीत झुणका गुंडाळून प्रीतीच्या डाव्या हातात द्यायची. जिथं मी पडलो तिथं चपलेनं मातीत रेघ ओढायची. एका सुट्टीत वीस-वीस फेकी झाल्या. रेघ सरकत सरकत तीन महिन्यांनी भंगाराच्या ढिगाला टेकली.

भरतीला मला नेलं नाही. तिथं त्यांचे गोळे असतात. दिवसभर मी दाराशी बसून होतो. संध्याकाळी प्रीती आली, उंबऱ्यावर बसली आणि तिनं मातकट तळहात माझ्यावर ठेवला.

"आई, भंगाराच्या फुडं गेला."

मीनाबाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

यादीत नाव लागलं तसा गल्लीत सत्कार झाला. मलाही झेंडूचा हार घातला. केरबातात्या म्हणाले, "पहाट पावली." धम्मपाल म्हणाला, "कुठली पहाट? संध्याकाळ." मटणाचं ताट कुणी द्यायचं ह्यावर दोघं हमरीतुमरीवर आले. सुगरा मागं भिंतीला टेकून, दुखरी टाच उचलून उभी होती. प्रीतीनं आपल्या अंगावरची शाल काढली आणि जाऊन तिच्या खांद्यावर घातली.

"ह्या कोण पावण्या?" केरबातात्यांनी विचारलं.

"गोळा आणणारी," प्रीती म्हणाली.

आता प्रीती मलकापूरला असते, वर्दीत. मी इथं काचेच्या कपाटात. परवा गल्लीतली निशा आली. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असते, तिलाही भरतीला उतरायचंय. "धम्मादादा, गोळा देतोस?"

धम्मपाल खुर्चीत मागं रेलला. "देईन की. पण आधी सांग, सकाळी करणार का संध्याकाळी?"

मला हात असते तर काच फोडून त्याच्या पायावर उतरलो असतो.

मित्रांनो, हात जोडून नाही, दात-ओठ खाऊन सांगतो. मला हार नको, कपाट नको. चार थेंब खोबरेल लावा, म्हणजे गंज चढणार नाही. मग मला निशाच्या हातात द्या आणि तुमचं ते सकाळ-संध्याकाळ तोंडातच ठेवा. ती फेकेल. तुम्ही उठा आणि मला आणायला जा. चारच किलोचा आहे मी.