आखूड निळा काटा

डॉक्टरांची दोन बोटं माझ्या तोंडात होती, तेव्हा मला ते घड्याळ दिसलं.

थांबा. आधी मनगटांबद्दल.

मी घड्याळं दुरुस्त करते. दुकान अप्पांचं, खुर्चीही त्यांचीच. अप्पा माझे वडील. त्यांचे हात कापायला लागले तसे ते मागच्या खोलीत गेले आणि मी पुढे आले. गेली तीन वर्षं मी रस्त्यात माणसांचे चेहरे बघत नाही, मनगटं बघते. फळवाल्याच्या हातात एक जुनं सोन्याचं आहे, त्याच्या गाडीसकट आख्खी गल्ली विकत घेता येईल असं. तो त्याच हाताने कलिंगडं धुतो. बँकेतल्या बाईंचं नकली आहे, सेकंदकाटा टकटक उड्या मारतो. खऱ्या जुन्या चावीच्या घड्याळाचा काटा उड्या मारत नाही, सरपटतो. बसमध्ये दांड्याला धरलेले हात तर काचेच्या कपाटात मांडून ठेवल्यासारखेच. एकदा तिथे एकाची बाही मी सरळ वर सारली. त्याने ढकललं. मी त्याचा अंगठा मागे वाकवला, कट्ट आवाज येईपर्यंत. घड्याळ वेगळंच निघालं. पुढच्या थांब्यावर उतरले.

शोधत होते ते असं. सोन्याची बारीक कड. दुधाळ डायल. तासाचा आणि मिनिटाचा काटा सोन्याचा, सेकंदकाटा निळा. मूळचा मोडलेला होता, कंपनीचा मिळेना, म्हणून अप्पांनी कुठला तरी दुसरा बसवला. केसभर आखूड. कडेच्या खुणांपर्यंत पोचतच नाही. धाकट्याच्या मनगटावर ते घड्याळ बांधताना अप्पा म्हणाले होते, "असं दुसरं नाही."

मागच्या झाकणाच्या आत दुरुस्त करणारा सुईने आपली खूण कोरतो. अप्पांची खूण मासा. धाकट्याच्या घड्याळात माशाखाली एक शिडीही होती. ती माझी, आयुष्यातली पहिली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पार्किंगच्या जिन्यात मारला त्याला. गजाने. डोक्यावर नंतर, आधी मनगटावर, कारण तो हात सोडेना. पट्ट्याबरोबर कातडी सोलून गेली होती. शवागारात मी ते मनगट धरलं, तर ते दोन्ही बाजूंना वळत होतं, बिजागरी निखळलेल्या झाकणासारखं. मारणारा सापडला नाही. घड्याळही नाही.

आता डॉक्टर.

दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं. "बघा ताई, आता अर्धं तोंड तुमचं नाही," दाताचे डॉक्टर म्हणाले. "भाड्याने घेतलंय म्हणून सांभाळा." हसरा माणूस. डाव्या हाताची बोटं माझ्या गालाच्या आत, उजव्या हातात पक्कड. डावं मनगट माझ्या डोळ्यापासून चार बोटांवर. आयुष्यभर घड्याळं मी याच अंतरावरून बघितली आहेत.

हातमोज्याच्या कडेला सोन्याची कड.

दुधाळ.

निळा. सरपटत होता, आणि पोचत नव्हता.

मला विचारायचं होतं, हे कुठून आणलंत. खरंच विचारायचं होतं. विचारायला मी तोंड

चावले.

सुन्न तोंडाचं असं असतं की आपण किती जोरात चावतोय ते आपल्याला समजत नाही. मला वाटलं, नुसतं धरलंय.

"ताई. ताई, बोट आहे ते," डॉक्टर म्हणाले, समजुतीच्या सुरात. मग सूर गेला आणि नुसता आवाज राहिला. मदतनीस बाईंनी स्टीलचा ट्रे माझ्या कपाळावर आपटला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा कड लागली आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. "सोड गं भवाने, सोड," त्या म्हणत होत्या, आणि दर 'सोड'ला एक ट्रे. माझ्या तोंडात काहीतरी निखळलं. दाढ असेल असं वाटलं.

दाढ नव्हती.

आम्ही खाली पडलो. मी डॉक्टरांच्या कोपरावर गुडघा रोवला आणि पट्टा सोडवला. बाई दार उघडून ओरडत जिन्याकडे धावल्या. फरशीवर हत्यारं विखुरली होती. दातापासून हिरडी सोडवायचं एक असतं, पातळ, चपटं. घड्याळाचं झाकण उघडायला त्याहून सरस हत्यार मी पाहिलेलं नाही.

टक्.

मासा.

मासा दिसला तसा मी गुडघा आणखी दाबला. सांधा हलला, ते मला गुडघ्यात समजलं. मग डोळ्यातलं रक्त पुसून पुन्हा बघितलं.

माशाखाली काही नव्हतं.

घासून काढली असेल शिडी. पण घासलं की चरे राहतात. मी नखाने चाचपलं. चरे नव्हते. पत्रा कोरा, लख्ख. त्यात माझी हनुवटी दिसत होती, लाल.

"सासऱ्यांचं आहे," डॉक्टर फरशीवरूनच म्हणाले. हात छातीशी घट्ट धरलेला. "लग्नात दिलं मला. त्यांना विचारा. विचारायचं होतंत ना, ताई."

तोंडात हात होता तुमचा, असं मी म्हणाले. शब्द नीट उमटले नाहीत.

चौकीत पोलिसांनी अप्पांना बोलावून घेतलं. इन्स्पेक्टरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घड्याळ पुढे केलं. अप्पांनी डोळ्याला भिंग लावलं. हात इतके कापत होते की मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. बेडीतला माझा दुसरा हातही त्याबरोबर वर आला.

"माझंच काम," अप्पा म्हणाले.

"आणि हा काटा?" मी विचारलं.

"तोही माझाच. बारा काट्यांची एक पुडी मिळाली होती. आखूड निघाले म्हणून कुणी घेईना. एक मोडला, अकरा बसवले."

"तुम्ही म्हणाला होतात, असं दुसरं नाही," मी म्हणाले.

"ते सगळ्यांनाच म्हणायचो, बाळ. गिऱ्हाईकाला बरं वाटतं."

"धाकटा गिऱ्हाईक होता?"

अप्पांनी भिंग काढलं नाही. त्याच्या खालून पाणी ओघळलं आणि गालावरच्या खुंटांत अडकलं.

इन्स्पेक्टर म्हणाले, "डॉक्टरांचं एक बोट शिवलंय. दुसऱ्याचं पेर मिळत नाही. खुर्चीखाली बघितलं, ट्रेखाली बघितलं. ताई, कुठे आहे ते?"

सुन्नपणा उतरायला लागला होता. दाढ पुन्हा ठणकत होती. मी जीभ सगळीकडून फिरवली. मग गिळल्याचं आठवलं, आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"तुमच्या भावाची फाईल बंद झालीय," इन्स्पेक्टर जरा नरमाईने म्हणाले. "तीन वर्षं झाली. आता सोडा हे."

अकरा. एक झालं, दहा उरली. अप्पांना आठवत असेल कुणाकुणाला दिली ते. नसेल आठवत, तरी मनगटं रस्त्यावरच असतात.

इन्स्पेक्टर लिहायला वाकले. त्यांची बाही वर सरकायला लागली.

"नको बघूस," अप्पा म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा माझ्या डोळ्यांवर ठेवला. बोटं कापत होती. कापताना त्यांच्यात फटी पडत होत्या.